कोकणातल्या पावसाळ्यात घराची ओल: खिडक्या उघडाव्यात की यांत्रिक वायुवीजन बसवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ, समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आपले नवे घर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, त्यांना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी आणि खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. जून ते सप्टेंबर कपाटांमागे बुरशी धरते, गाद्यांना कुबट वास येतो आणि तळमजल्याच्या फरशीला पाणी सुटते. उत्तरेकडच्या भिंतीवर ओले डागही दिसतात. खिडक्या सताड उघड्या ठेवून हवा खेळती ठेवावी, असे आईंचे म्हणणे आहे. खिडक्या बंद करून सगळ्या घराला नळ्यांचे यांत्रिक वायुवीजन बसवावे, असे परदेशातील भावाचे म्हणणे आहे. कोणाचे ऐकावे, आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरले की काय करावे, असे आपण विचारता.

कोकणच्या पावसाळ्यात या दोन्ही उपायांनी घर कोरडे होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण दोन्ही उपाय मुळात एकच काम करतात: आतली हवा बाहेर काढतात आणि तिच्या जागी बाहेरची हवा आत घेतात. खिडकी ते फुकट आणि बेहिशेबी करते, यंत्र वीज खाऊन मोजूनमापून करते. बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा पाणी कमी असेल तर दोन्हींनी घर सुकेल, आणि कमी नसेल तर कितीही चांगले यंत्र बसवले तरी ते ओलच आत ओढील. म्हणून पहिला प्रश्न खिडकी की यंत्र हा नसून, त्या दिवशी, त्या वेळी बाहेरच्या हवेत पाणी किती आहे, हा आहे.

बातम्यांत ऐकू येणारी आर्द्रतेची टक्केवारी येथे दिशाभूल करते, कारण ती तापमानावर बदलते. गरम हवा जास्त वाफ सामावते, थंड हवा कमी. त्यामुळे एका घनमीटर हवेत किती ग्रॅम पाणी आहे, ते पाहावे. जुलैच्या एखाद्या दिवशी बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. ही हवा २९ अंशांच्या वरच्या मजल्यावर आली की तिची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास भरते, आणि पृष्ठभागापाशी ८० टक्के आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला पुरेसे होते. तीच हवा तळमजल्यावर, २५ अंशांवर असलेल्या फरशीला टेकली की तिचे दवच पडते. आपल्या फरशीला खालून पाणी फुटत असेल अशी शंका आपण व्यक्त केली आहे. दमट वारा सुटला की घरभर एकदम पाणी दिसते आणि ऊन पडले की ते आपोआप नाहीसे होते, या आपल्याच वर्णनावरून ते बहुतेक हवेतूनच आलेले असावे. खिडक्या जितक्या जास्त उघडाल, तितकी ती फरशी जास्त ओली होईल.

भावाचा सल्ला चुकीचा नाही, तो तिकडचा आहे. थंड देशात हिवाळ्यात बाहेर ५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत घनमीटरला सहाच ग्रॅम पाणी असते. ती घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३४ टक्क्यांच्या आसपास येते. तेथे बाहेरची हवा म्हणजेच कोरडी हवा, म्हणून वायुवीजन हाच ओलीवरचा इलाज, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळवणारी यंत्रे तेथे घरोघर बसवणे शहाणपणाचे ठरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे गणित बरोबर उलटे होते.

आईंच्या म्हणण्यामागेही खरा अनुभव आहे, पण तो वेगळ्या घरातला आहे. मंगलोरी कौलांच्या घरात हवा कौलांच्या फटींतून सतत वर जात असे. चुलीचा जाळ सकाळ-संध्याकाळ घर तापवीत असे. शेणाने सारवलेली जमीन, मातीचा गिलावा आणि लाकूडकाम दिवसाची ओल शोषून घेत आणि उघडीप मिळाली की सोडून देत. पश्चिमेकडच्या पडवीला झापांचा आडोसा बांधलेला असे. यातील ऊब ही गोष्ट लोक विसरतात. २७ अंशांची ती ९० टक्क्यांची हवा ३० अंशांवर गेली की, एक थेंबही न काढता, ७६ टक्क्यांवर येते, आणि ३२ अंशांवर ७० टक्क्यांच्याही खाली उतरते. माळ्यावरचे भात, सुकी मासळी आणि चुलीच्या वरच्या दोरीवरचे कपडे टिकत ते या उबेमुळे, नुसत्या वाऱ्यामुळे नव्हे. आपल्या घरातून चूल गेली, फटी गेल्या, शोषून घेणारे पृष्ठभाग गेले. राहिली ती फक्त उघडी खिडकी, आणि जुन्या घरातले सगळे काम आता एकट्या खिडकीने करावे अशी अपेक्षा आहे.

तरीही यांत्रिक वायुवीजनाचा एक प्रकार आपल्या घराला हवाच, आणि तो म्हणजे जेथे वाफ निर्माण होते तेथेच बसवलेला एक्झॉस्ट पंखा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर न्हाणीघरातील हवेत घनमीटरला ३० ग्रॅमपर्यंत पाणी असते. बाहेर २३ ग्रॅम असताना ती हवा बाहेर टाकण्यात भर पावसातही फायदाच आहे. स्वयंपाकघराचेही तसेच. एलपीजी जळताना दर किलोमागे सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून वीस लिटरहून अधिक पाणी आपल्याच घराच्या हवेत मिसळते, आणि भाताची, आमटीची वाफ त्याहून वेगळी. ओट्यावरील चिमणी घेताना तिची नळी भिंतीबाहेर जाते ना, हे पाहावे. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणाऱ्या चिमण्या तेल आणि वास थोडाफार अडवतात, वाफ जशीच्या तशी परत देतात.

न्हाणीघराचा पंखा आंघोळ संपताच बंद करू नये. भिंती आणि लादी सुकेपर्यंत, म्हणजे वीस-तीस मिनिटे, तो चालू राहावा आणि तेवढा वेळ दार लोटलेले असावे. दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो, हवा हलत नाही. शक्य असेल तर पंखा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीत बसवावा, कारण नैऋत्येचा वारा समोरून आला की लहान पंख्याला तो जुमानत नाही आणि पावसाचे पाणी उलट आत फेकतो. बाहेरच्या बाजूला आपोआप मिटणाऱ्या झडपा असाव्यात, आणि खाऱ्या हवेत पत्र्याच्या झडपा दोन-तीन पावसाळ्यांत गंजून अडकतात म्हणून त्या प्लॅस्टिकच्या घ्याव्यात.

येथे एक इशारा ओलीपेक्षा महत्त्वाचा आहे. न्हाणीघरात गॅस गीझर असेल, तर तो आधी बाहेर, मोकळ्या हवेत हलवा. खिडकी बंद आणि एक्झॉस्ट जोरात चालू, अशा खोलीत जळालेला वायू बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस बेशुद्ध होईपर्यंत अनेकदा काही कळत नाही. शेगडी पेटलेली असतानाही स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी, मग बाहेर कितीही दमट असो. ओल परत काढता येते.

आता सबंध घराच्या यंत्रणेकडे येतो. चार माणसांना ताजी हवा म्हणून तासाला सुमारे १०० घनमीटर हवा आत घ्यायची, असे धरू. आत २७ अंश आणि ६० टक्के राखायचे असेल, तर घनमीटरला साडेपंधरा ग्रॅमच पाणी चालेल. बाहेरून मात्र २३ ग्रॅम येत आहे. म्हणजे तासाला पाऊण लिटरहून अधिक पाणी आपण स्वतः विकत घेऊन घरात आणतो. बाजारात ज्याला दिवसाला वीस लिटरचे निर्जलीकरण यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, म्हणतात, ते तासाला जेमतेम तेवढेच पाणी काढते. एक यंत्र ओल आणणार आणि दुसरे ती उपसणार, दोन्हींचे बिल आपण भरणार. नुसती उष्णता परत मिळवणारी यंत्रणा येथे काहीच साधत नाही. वाफही काही प्रमाणात बाहेर जाणाऱ्या हवेकडे वळवणारी यंत्रणा हा भार निम्म्याहून कमी करू शकते, पण तीही घर सुकवत नाही. फक्त आधीच एसीने कोरड्या केलेल्या, फटी नसलेल्या घरात ती भार हलका करते. आपले घर तसे नाही. शिवाय वारंवार वीज जाणाऱ्या गावात बंद पडलेल्या दमट नळ्यांतच बुरशी वाढते आणि वीज आल्यावर ती घरभर वाटली जाते. भावाने पैसे देऊ केले असले तरी ते या यंत्रणेत घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी पावसाळ्यापुरते घराचे दोन भाग करा. एखाद-दोन खोल्या कोरड्या ठेवायच्या, बाकीचे घर खुले ठेवायचे. वरच्या मजल्यावरील झोपण्याची एक खोली निवडा, शक्यतो जिची एकही भिंत नैऋत्येला नाही अशी. गाद्या, जादा अंथरुणे, रेशमी साड्या, कागदपत्रे, पुस्तके, चामड्याच्या वस्तू तेथे हलवा. सरकत्या खिडक्यांच्या लोकरी पट्ट्या झिजल्या असतील तर बदला, रुळातील पाणी जाण्याची भोके मोकळी करा, दाराला खाली रबरी पट्टी लावा आणि या खोलीत डीह्युमिडिफायर चालवा. त्याच्या पाण्याची नळी थेट न्हाणीघरात सोडा, म्हणजे टाकी भरली म्हणून यंत्र रात्री बंद पडणार नाही. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होणारेच यंत्र घ्या. असे यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट घेते, म्हणजे आठ तासांना अडीच-तीन युनिट. ते खोली थोडी तापवते, याची तक्रार लोक करतात. परंतु वर सांगितल्याप्रमाणे ती ऊब गाद्या-कपड्यांच्या उपयोगाचीच आहे.

या खोलीत ताजी हवा कशी यायची, असा प्रश्न आईंना नक्की पडेल. तीन बाय चार मीटरच्या खोलीतील सगळी हवा एकदा बदलली तर पाव लिटरच्या आसपास पाणी आत येते, आणि यंत्र ते अर्ध्या तासाच्या आत परत काढते. सकाळी पाऊस थांबला असताना दहा मिनिटे खिडकी उघडण्याने काहीही बिघडत नाही. दिवसभर ती उघडी राहिली तर मात्र कोणतेही घरगुती यंत्र पुरे पडणार नाही.

एसी असेल तर वेगळे यंत्र न घेताही बरेच काम होते, पण तो कसा चालवता यावर. खोलीच्या मानाने मोठा एसी पाच-दहा मिनिटांत थंड करून थांबतो आणि पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. तापमान २६ किंवा २७ ठेवावे, पंख्याचा वेग कमी ठेवावा, ‘ड्राय’ची सोय असल्यास ती वापरावी. रात्रभर २० अंशांवर एसी आणि सकाळी उठताच खिडक्या सताड उघड्या, ही किनाऱ्यावरील घरांतील सर्वांत घातक सवय आहे: भिंत, गादी आणि कपाटाची पाठ थंडगार झालेली असते आणि २३ ग्रॅमची हवा तिच्यावर जाऊन थेट पाणी होते. एसी बंद करून खोली तास-दोन तास तशीच बंद ठेवावी, पृष्ठभाग तापू द्यावेत आणि मगच खिडकी उघडावी. अशा खोलीला लागून असलेल्या बिनएसीच्या खोलीत, त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला बुरशी आली असेल, तर तिचेही कारण हेच असते.

खुल्या भागात, म्हणजे ओटी, स्वयंपाकघर, तळमजला येथे, ८० टक्क्यांच्या खाली येण्याचा हट्ट धरू नये. तेथे हवा हलती ठेवणे एवढेच साधायचे. छताचा पंखा पाणी काढत नाही, परंतु कोपऱ्यातील थंड, साचलेली हवा हलवतो आणि तेवढ्याने बुरशी धरणे बरेच लांबणीवर पडते. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत, खाली पाय असावेत. कपडे घरात वाळत घातलेच, तर एक्झॉस्ट चालू असलेल्या जागीच घालावेत, कारण एका धुण्यातून दोन-तीन लिटर पाणी हवेत जाते. डांबराच्या गोळ्या वास झाकतात, ओल हटवत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात उपयोगी पडतात, खोलीत नाहीत, आणि त्यांत साठलेले पाणी धातूला खाते, म्हणून ते दागिन्यांपासून दूर ठेवावेत.

अंदाजाने चालू नये म्हणून दोन खोल्यांत दोन साधे आर्द्रतामापक ठेवा. ते थोड्या पैशांत मिळतात, पण विश्वास ठेवण्याआधी तपासून घ्या. एका झाकणात चमचाभर बारीक मीठ घ्या, त्यात थेंबाथेंबाने पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करा, विरघळू देऊ नका; झाकण आणि मापक घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल, तर तो पाच टक्के कमी सांगतो, एवढे लक्षात ठेवायचे. यामागचा नियम आईंना ओळखीचा आहे: हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटू लागते. मिठागरातील जाडे मीठ मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे त्याआधीच पाझरते, म्हणून ओळख बारीक मिठावरून करावी. कोरड्या खोलीत एका वाटीत मीठ उघडे ठेवा. ते मोकळे राहिले तर खोलीचे काम नीट चालले आहे.

हाच नियम आपल्या उत्तरेकडच्या भिंतीवरील डागांना लागू पडेल असे वाटते. पावसाचा मारा नसलेल्या भिंतीवर ठराविक आकाराचे ओले डाग दर जूनमध्ये उमटत असतील, हिवाळ्यात जात असतील आणि मागे पांढरी भुकटी राहत असेल, तर गिलाव्यात खारी वाळू वापरली गेल्याची शक्यता मोठी आहे. त्यातील क्षार हवेतूनच पाणी ओढतात. भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंतच ओली असेल, तर जोत्याजवळ ओल अडवणारा थर नाही आणि सच्छिद्र चिरा जमिनीतील पाणी वर ओढतो आहे. पश्चिमेच्या भिंतीत पाऊस झिरपत असेल तर बाहेरचा गिलावा, भेगा आणि छज्जा यांचे काम आहे. निदानासाठी ओल्या जागी फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा: पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडील बाजूस आले तर ते हवेतले, भिंतीकडील बाजूस आले तर भिंतीतले. भिंतीतल्या पाण्यावर खिडकी, पंखा, एसी, कशाचाच इलाज चालत नाही.

पावसाळा सरल्यावर मात्र आईंचेच ऐका, आणि मनापासून ऐका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर टक्केवारी पाहून खिडकी बंद करू नका. त्या हवेत घनमीटरला १३ ग्रॅमच पाणी असते आणि घरात २८ अंशांपर्यंत तापली की ती ५० टक्क्यांच्या खाली येते. रात्री सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे कोरडे असतात, दुपारनंतरचे खारे वारे ओल आणि मीठ दोन्ही आणतात. म्हणून पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या समोरासमोर पहाटेपासून दहा-अकरापर्यंत उघड्या ठेवा, कपाटांची दारेही उघडा, आणि दुपारी पश्चिमेकडच्या ओढून घ्या. या कोरड्या महिन्यांत घर जेवढे सुकेल, तेवढे कोणतेही यंत्र सुकवणार नाही.

राहिला गणपतीचा प्रश्न, जो आपण शेवटच्या ओळीत विचारला आहे. त्या दिवसांत मुंबई-पुण्याची पंधरा-वीस माणसे घरात, उकडीच्या मोदकांची वाफ दिवसभर, आंघोळी सकाळपासून रांगेने. अशा घरात आतली हवा बाहेरच्यापेक्षा नक्कीच जास्त ओली असते, तेव्हा खिडक्या उघड्या आणि सगळे एक्झॉस्ट चालू, हेच योग्य. कोरडी खोली तेवढी बंद ठेवा आणि पाहुण्यांची अंथरुणे दिवसा तेथेच ठेवा. रंगकाम मात्र गणपतीसाठी म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका, दिवाळीसाठीही नाही. ऑक्टोबरात हवा तापली तरी चिऱ्याच्या भिंतीत चार महिन्यांचे पाणी शिल्लक असते, आणि त्यावर चढवलेला प्लॅस्टिक रंग पुढच्या जूनच्या आत फुगून सुटतो. फेब्रुवारीत वरील प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा. भिंत कोरडी निघाली की खारा गिलावा खरवडून, धुतलेल्या नदीच्या वाळूचा किंवा क्रश सँडचा नवा गिलावा घाला, तो महिनाभर सुकू द्या आणि एप्रिलमध्ये रंग लावा.